एकशे सतरा दिवसांची टीम

नंदोरी चौकात अर्धा रस्ता ओलांडून झाला होता तेव्हा रूपरावांचा फोन वाजला आणि त्यांनी तो तिथंच उचलला. एरवी रस्त्यात फोन कानाला लावून चालणारा कुणी दिसला, की ते त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत. पण फोन मोहिनीचा होता, आणि बुधवारी सकाळी साडेदहाला मुलगी नागपूरच्या दवाखान्यातली लॅब सोडून फोन करते म्हणजे काहीतरी वाईटच, असं त्यांच्या मनानं घेतलं. गेल्या सहा वर्षांत मनाला वाईटच आधी घ्यायची सवय लागली होती. "बाबा, अमेरिकेहून मेल आला," मोहिनी म्हणाली. "दादाच्या टीमवर एक म्हातारा पुस्तक लिहून राह्यला. वॉल्टर म्हणून हाय कोनी. तिथं मैदानावर तिकिटं फाडे म्हणते. पूर्ण इतिहास लिवला त्यानं टीमचा. शेवटची ओळ आयका, बाबा, शेवटची ओळ." आणि तिनं ती आधी इंग्रजीत वाचली, मग मराठीत सांगितली. एकवीस खेळाडू पंधरवड्यात निघून गेले, बाविसावा राहिला, कारण हिंदुस्थानात कापसाच्या गावी राहणाऱ्या त्याच्या बापानं त्याला सांगितलं होतं: गेट सोडू नको, जो गेटवर राहतो त्याचा नंबर पहिला लागतो. "किती भारी लिवलं ना बाबा?" मोहिनीचा आवाज भरून आला होता. "खरंच म्हटलंतं तुमी त्याले असं? आम्हाले त कधी सांगतलं नाई." कापसानं भरलेला ट्रॅक्टर त्यांच्यापासून हातभरावर करकचून थांबला. "ओ काका, घरी सांगून आले का?" ड्रायव्हर वरून ओरडला. रूपराव म्हणाले, आवाज कटून राह्यला बाई, मागून करजो, आणि त्यांनी फोन बंद केला. आवाज अगदी स्वच्छ येत होता.

घर डाव्या हाताला होतं. ते उजवीकडे वळले, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनाकडे. घरी बायको, आनंदाबाई, होत्या, आणि आनंदाबाईंच्या समोर हे तोंड घेऊन जायची त्यांची छाती नव्हती. जिनात त्यांना आता काही रोजचं काम नव्हतं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण सीझनमध्ये मॅनेजर दोन तास बोलावून घ्यायचा, कारण कापूस बघायला मशीन आली तरी शेतकऱ्याचा विश्वास अजून रूपरावांच्या बोटांवर होता. ढिगातून एक पुंजका उचलायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ताणायचा, तुटेपर्यंत. धागा किती लांब, किती चिवट, पाणी मारलंय की नाही, सगळं बोटांना कळायचं. चाळीस वर्षांत त्यांचा अंदाज फार तर दहा वेळा चुकला असेल. कापसाच्या गाड्या रिकाम्या करणारा तानबा खलाशी म्हणायचा, रूपरावभाऊ लगनाच्या वेळेस बायकोचाबी धागा ताणून पाहून आले असतीन. आज ते ढिगाच्या कडेला जाऊन नुसते बसले. वर पाइपातून रुई उडत होती, नाकात सरकीचा तेलकट वास भरला होता, आणि कुणीतरी आपलं मनातलं वाक्य चोरून नेऊन छापायला टाकलंय, असं त्यांना वाटत होतं. चोरलेलंही नव्हतं. त्यांनीच दिलं होतं ते.

टीमचा इतिहास त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. रिव्हरमेन असं त्या फुटबॉल टीमचं नाव होतं. ओहायोतल्या हार्लन फॉल्स नावाच्या लहानशा गावात ती निघाली, पंचवीस मार्च दोन हजार सतराला, आणि त्याच वर्षी वीस जुलैला संपली. एकशे सतरा दिवस. मधे चौदा सामने. तीन जिंकले, दोन बरोबरीत सुटले, नऊ हरले. मुलगा पियुष डाव्या पायाचा, मागच्या फळीत खेळायचा. नागपूरच्या होस्टेलात राहून शिकला, तिथल्या मैदानावर फुटबॉलचं वेड लागलं, त्या वेडावरच अमेरिकेतल्या एका कॉलेजनं फुकट शिकवलं आणि शिक्षण संपल्यावर रिव्हरमेननं घेतलं. पगारी खेळाडू. हिंगणघाटच्या पोरानं फुटबॉलचा पगार घ्यायचा, हे रूपरावांना सुरुवातीला खोटंच वाटलं होतं. पियुषचा फोन दर रविवारी सकाळी यायचा, तिकडे शनिवारची रात्र असायची आणि सामना नुकता संपलेला असायचा. पहिला सामना चार शून्यानं हरले. पण मैदानाचं वर्णन ऐकूनच रूपराव खूश. गावाची जनावरांची जत्रा भरायची तेच मैदान, आणि खेळाडूंनी कपडे बदलायचे ते गुरांच्या गोठ्यात. "म्हंजे आपल्यासारखंच हाय की," आनंदाबाई म्हणाल्या होत्या. त्या टीमला नदीवाले म्हणायच्या. टीमचा मालक फरशांचा व्यापारी होता, त्याला गावाचं नाव काढायचं होतं. एका घरात सहा पोरं राहायची, त्यात एक ब्राझीलचा आणि एक जमैकाचा, आणि पियुष त्यांना वरण शिजवून घालायचा. चौथा सामना एक शून्यानं जिंकला तेव्हा ज्या चेंडूवर गोल झाला तो पियुषनं पुढे दिला होता. तो निकाल रूपरावांनी जिनाच्या वजनकाट्यापासून ते चहाच्या टपरीपर्यंत सगळ्यांना सांगितला. कुणाला काही कळत नव्हतं, पण सोमवारी सकाळी तानबा हटकून विचारायचा, "काय झालं भाऊ आपल्या नदीवाल्यायचं?" हरले म्हटलं की तो स्वतः हरल्यासारखा मान हलवायचा. चौदा सोमवार रूपराव त्या जिनात छाती पुढे काढून हिंडले. आयुष्यात एवढे फुगलेले ते कधीच नव्हते, आणि हे आठवलं की आता त्यांना स्वतःची किळस यायची.

पंधरावा सोमवार आला नाही. रविवारी पियुषचा फोन आला तेव्हा त्यानं सामन्याचं काही सांगितलं नाही. तो म्हणाला, बाबा, टीम बंद झाली. गुरुवारी दुपारी सरावाला गेलो तर गेटला साखळी आणि कुलूप, आणि प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद. मालक गाव सोडून गेला. आमचे बूटसुद्धा आत राहिले, बाबा. हे सगळं त्यानं एका सुरात सांगितलं. रूपरावांना आजही तो सूर ऐकू येतो. ते अंगणात उभे होते, एका गालाची दाढी झालेली, एका गालावर साबण. बंद झाली म्हणजे काय, हे त्यांना नीट समजलं होतं. गैरसमज वगैरे काही झाला नाही, तेवढीही सवलत त्यांना नाही. त्यांना सगळं समजलं, आणि जे समजलं त्यावर त्यांनी आपल्या आयुष्यातली सगळ्यात मोठी अक्कल वापरली.

ती अक्कल एक्याण्णव सालची होती. जिन कुणाचं कायमचं नसतं. दरवर्षी कुणीतरी पार्टी ते भाड्यानं घेते, चालवते, निघून जाते. त्या वर्षी भर सीझनमध्ये दोन भागीदारांचं भांडण झालं, मॅनेजर पळाला आणि गेटला कुलूप पडलं. कामगार दोन दिवस बसले, मग एकेक करून उठले. कुणी वणीला गेला, कुणी पांढरकवड्याला, कुणी सासऱ्याच्या वावरात. रूपराव तेव्हा सत्तावीस वर्षांचे, कामाला लागून थोडी वर्षं झालेली, लग्न ठरलेलं. ते तेवीस दिवस गेटसमोरच्या कडुनिंबाखाली बसून राहिले. येणारेजाणारे हसायचे. होणाऱ्या सासऱ्यानं निरोप पाठवला की जावई राखणदार झाला का. चोविसाव्या दिवशी आदिलाबादकडची पार्टी आली, कुलूप तोडलं, आणि नव्या मालकानं विचारलं, इथं कापसातलं कोणाला कळतं? गेटवर एकच माणूस होता. त्या एका प्रश्नानं त्यांना कापूस पारखणारा ग्रेडर केलं. लग्न, घर, पोरं, पोराचं होस्टेल, सगळं त्या कडुनिंबाखालून आलं असं ते मानत. हिंगणघाटच्या जिनात हा नियमच आहे, म्हातारे पोरांना सांगतात: मालक बदलतो, कुलूप बदलतं, गेट तिथंच राहतं, जो गेटवर राहतो त्याचा नंबर पहिला. यात चुकण्यासारखं काय होतं? रूपरावांनी हा प्रश्न सहा वर्षं स्वतःला विचारला होता. कापूस दरवर्षी पिकतो, म्हणून जिन उघडतं. अमेरिकेत फुटबॉल काही वावरात पिकत नाही, एवढी साधी गोष्ट त्या क्षणी त्यांच्या डोक्यात शिरली नाही.

"मग काय करतं आता?" त्यांनी विचारलं होतं. पियुष म्हणाला, "सगळे चालले बाबा आपापल्या घरी. मीबी..." आणि थांबला. त्या थांबण्यात काय होतं हे बोटानं ताणून बघता आलं असतं तर! पण ते कापसाचं नव्हतं, पोटच्या पोराचं होतं, आणि रूपरावांनी मधेच बोलायला सुरुवात केली. "आयक. गेट सोडू नोको. मालक गेला त दुसरा येईन. पोरं गेले त जाऊ दे, उलट चांगलं हाय. जो गेटवर राह्यते त्याचा नंबर पयला लागते. मले पाय ना तू. तेवीस दिवस बसलो होतो." त्यांनी पूर्ण गोष्ट सांगितली, कडुनिंब, सासरा, आदिलाबादची पार्टी, सगळं, पियुषनं ती लहानपणापासून शंभरदा ऐकलेली असूनही. सांगता सांगता गालावरचा साबण वाळला. आणि एक गोष्ट होती जी ते देवासमोरही कबूल करायला कचरत: त्या वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे तानबा होता. सोमवारी तानबा विचारणार, काय झालं नदीवाल्यायचं, आणि आपण काय सांगणार, पोरगा वापस आला? पलीकडे पियुषनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं, बाबा." तो कधीच उलट बोलत नसे. उलट बोलणारा, बापाला शिव्या घालून निघून येणारा पोरगा असता तर आज जिवंत असता, असं रूपरावांना वाटायचं, आणि मग आपण पोराच्या गुणालाच दोष देतोय म्हणून पुन्हा लाज वाटायची.

तो राहिला. तिथं राहायची कागदपत्रं चालू राहावीत म्हणून कुठल्याशा कोर्सला नाव घातलं, एका गोदामात रात्रपाळी धरली. फोन येत राहिले. "काही हालचाल हाय का?" रूपराव विचारायचे. "आयकू येऊन राह्यलं, कोनी एक पार्टी घेनार म्हणते," पियुष सांगायचा. पार्टी हा शब्द तो बापासाठी वापरायचा, हे रूपरावांना आता कळत होतं. दोन हिवाळे असे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीत, पहाटे गोदामातून परतताना रस्त्यावरच्या बर्फावरून मित्राची गाडी घसरली. मित्राचा हात मोडला. पियुष गेला. सतरा दिवसांनी नागपूरच्या विमानतळावर एक लांब पेटी आली, तिच्यावर बाणाची खूण करून लिहिलं होतं की ही बाजू वर ठेवा. लोक भेटायला आले. सदाशिवराव, रूपरावांचा चुलतभाऊ, म्हणाला, पोरायले अमेरिकेचा नाद लागते, मंग घर दिसत नाई. आणि आनंदाबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "हो, त्याले तिकडचंच गोड लागलं होतं." रूपराव तिथंच, दोन हातांच्या अंतरावर बसले होते. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, तेराव्याला नाही, सहा वर्षांत एकदाही नाही. मेलेल्या पोराच्या अंगावर त्यांनी स्वतःचा दोष पांघरूण घातल्यासारखा घातला आणि वरून त्याच्या फोटोला हार घातला.

आणि आता हा वॉल्टर. मोहिनीनं मेलची सगळी पानं व्हॉट्सॲपवर पाठवली होती, खाली मराठीत थोडक्यात लिहून. रूपरावांनी तिथंच ढिगाजवळ चष्मा पुसून वाचलं. त्यात मालकाचं होतं, गोठ्यातल्या कपडे बदलण्याचं होतं, कुलपाचं होतं. मैदानाच्या चौकीदाराची आठवण होती. टीम बंद झाल्यावर तो भारतीय मुलगा रोज दुपारी तीनला, सरावाच्या वेळेला, यायचा. साखळीला हात लावून बघायचा. मग गेटबाहेर एकटाच पळायचा, डाव्या पायानं भिंतीवर चेंडू मारायचा, आणि अंधार पडायच्या आधी कामावर जायचा. पहिल्या वर्षी रोज, दुसऱ्या वर्षीही रोज. मैदान विकलं जाऊन तिथं सामान ठेवायच्या पत्र्याच्या खोल्या झाल्या, तरी यायचा. चौकीदारानं एकदा विचारलं, बाळा, इथं आता काही होणार नाही, तू कशाला येतोस? तेव्हा त्यानं ते वाक्य सांगितलं, हसून. हसून, असं लिहिलं होतं. रूपराव त्या शब्दाशी अडखळले आणि पुढे जाईनात. मैदान विकलं गेल्याचं पियुषनं कधी सांगितलंच नव्हतं. पत्र्याच्या खोल्यांसमोर उभा राहून तो फोनवर बापाला सांगत होता, कोनी एक पार्टी घेनार म्हणते. बापाचं मन मोडू नये म्हणून. कुणी कुणासाठी गेटवर बसलं होतं मग? त्यांनी ढिगातली मूठभर रुई उचलली आणि तोंडावर दाबली, कारण गळ्यातून जो आवाज आला तो माणसांत काढण्यासारखा नव्हता. तानबा लांबून ओरडला, "भाऊ, ठसका लागला का? पानी आनू?" रूपरावांनी हातानंच नको म्हटलं.

घरी पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. आनंदाबाई अंगणात तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होत्या. "जेवाले काऊन नाई आले? भाकर वाळली," त्या म्हणाल्या. मग त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "मोहिनीचा फोन आलता. मलेबी सांगतलं तिनं पुस्तकाचं." एवढंच, आणि पुन्हा मान खाली. रूपराव बाजेवर बसले. शेंगा फुटल्याचा टचटच आवाज येत होता. शेवटची ओळ सांगितली का, हे विचारायचं होतं, आणि विचारवत नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. मोहिनीच. त्यांनी तो स्पीकरवर टाकला. मुद्दाम टाकला, कानाला लावला असता तर पुन्हा काहीतरी खोटं सुचलं असतं. "बाबा, त्या वॉल्टरले शनिवारपर्यंत उत्तर पाहिजे," मोहिनी म्हणाली. "ती ओळ तुमच्या नावानं छापू का म्हणते. पुस्तक त्याच्यावरच संपते. मी हो लिवू ना?"

"लिही," रूपराव म्हणाले. "मी सांगतो तसं लिही. एकबी शबद खालीवर करजो नोको." आनंदाबाईंकडे न बघता, समोरच्या कुंपणाकडे बघत ते बोलू लागले. "म्हना, बापानं सांगतलं होतं हे खरं हाय. पन ते काही शानपन नोहोतं. बापाले जिन समजे, दुसरं काही समजत नोहोतं. पोरगा घरी याले निंगला होता. बापानं येऊ देलं नाई. लोकं काय म्हनतीन, याच्यानं येऊ देलं नाई. म्हना, ते सुंदर बिंदर काही नाई, ती ओळ छापाची असन त खाली हेबी छापा. का बापाच्यानं पोरगं मेलं." पलीकडे मोहिनीच्या बोटांचा आवाज थांबला. "बाबा..." ती म्हणाली. शेंगांचा आवाजही थांबला होता. रूपरावांना वाटलं, आता ही उठेल, आत जाईल, कदाचित कायमचीच आत जाईल, आणि तसं झालं तर ते योग्यच होईल. ते वाट बघत राहिले. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांना छातीत मोकळं वाटत होतं, आणि त्या मोकळेपणाचीच भीती वाटत होती.

आनंदाबाई उठल्या. पदरातले दाणे सुपात टाकून त्या बाजेजवळ आल्या आणि फोनवर वाकल्या, लांबच्या माणसाशी बोलताना बोलतात तसं मोठ्यानं बोलल्या. "मोहिनी, अजून लिव. माहंबी लिव त्याच्यात." "तुझं काय, आई?" "लिव, का त्यानं पयले मायले इचारलं होतं." रूपरावांनी मान वर केली. "जिवतीची अवस होती त्या रविवारी. मी भितीले जिवतीचा कागद चिकटवून राह्यली होती, तुमा दोघा लेकरायसाठी. हात खळीनं भरले होते. फोन खांद्यावर धरून बोलली. पोरगा म्हने, आई, येऊ का घरी? असंच म्हने, सरळ. मी म्हटलं, बाबाले इचार." आनंदाबाई सरळ उभ्या राहिल्या, हातांना काही लागलेलं नव्हतं तरी ते लुगड्याला पुसत राहिल्या. "तू कधी बोलली नाई," रूपराव म्हणाले. "तुमी तरी कुठं बोलले?" त्या म्हणाल्या. मग बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसल्या आणि त्यांच्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाल्या, "मले वाटलं, तुमी त 'ये'च म्हनान."